घरबसल्या काम, खात्यावर नेमके किती पडतात?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना बिल आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक सांगावा लागत नाही. राजाराम साखर कारखान्याचं बिल निघतं, सोसायटीची कपात होते, उरलेलं खात्यावर येतं. त्याच घरातली लेक लॅपटॉपवर पुण्याच्या किंवा परदेशातल्या कंपनीचं काम करत असेल, तर तिच्या पैशालाही वाटेत कपाती लागतात. त्यातल्या काही कुठल्याच पावतीवर नसतात, दरातच मुरलेल्या असतात. म्हणून काम पत्करतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पैसे कोणत्या मार्गानं येणार आणि वाटेत कोण किती कापणार?

कंपनीत रीतसर नोकरीला असाल आणि फक्त घरून काम करत असाल, तर खर्च जवळपास नाहीच. पगार एनईएफटीनं येतो आणि पैसे जमा होण्यावर शुल्क नसतं. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 रुपये कापला जातो. महिलांना मात्र 25,000 रुपये मासिक पगारापर्यंत तो माफ आहे. घरून काम करणाऱ्या बाईच्या पगारपत्रकात एवढाच पगार असूनही ही कपात दिसली, तर एचआरला लगेच मेल टाकावा.

खरी गुंतागुंत होते ती कंपनी ‘नोकरी’ म्हणते आणि कागदावर ‘कन्सल्टंट’ लिहिते तेव्हा. मग भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, आणि व्यावसायिक सेवेच्या बिलातून बहुधा 10 टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नसेल तर 20 टक्के. महिना 30,000 ठरले असतील तर हातात 27,000 येतात आणि वर्षाला 36,000 सरकारकडे जमा होतात. हे पैसे बुडालेले नाहीत. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि सवलत धरली तर 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही तो शून्य होतो. पण विवरणपत्र भरल्याशिवाय परतावा मिळत नाही. उत्पन्न करपात्रच नाही, मग विवरणपत्र कशाला, असं म्हणून हे पैसे सोडून देणारी मुलं-मुली पाहिली की जीव हळहळतो. कंपनीनं कापलेली रक्कम खरंच भरली का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर दिसतं. दर तिमाहीला तिथं डोकवावं.

आता डॉलरचं काम. हिशेबासाठी डॉलर 90 रुपये आणि काम 500 डॉलरचं धरू, म्हणजे कागदावर 45,000 रुपये. पेपॅलनं पैसे आले तर 4.4 टक्के आणि वर 30 सेंट शुल्क जातं, उरतात 477.70 डॉलर. रुपये करताना दर बाजारापेक्षा साधारण 4 टक्के कमी मिळतो. खात्यावर पडतात सुमारे 41,270. म्हणजे 3,700 रुपयांहून जास्त गेले, आणि त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग ‘शुल्क’ या नावाखाली दिसतच नाही.

बँकेतून बँकेत थेट, म्हणजे स्विफ्टनं मागवले तर? मधल्या बँकेनं 20 डॉलर कापले आणि आपल्या बँकेनं दर 89 लावला असं धरू. 480 डॉलरचे 42,720 होतात. त्यावर चलनबदलाचा जीएसटी सुमारे 77 रुपये. तोटा साधारण 2,350, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. हेच 2,000 डॉलर एकदम मागवले तर मधल्या बँकेची कपात एकदाच बसते आणि एकूण खर्च सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्या बँकेचं स्वतंत्र शुल्क असेल तर ते वेगळं, ते शाखेत विचारावं. त्यामुळे घरखर्च या पैशांवर अडत नसेल तर तीन-चार महिन्यांचं बिल एकत्र करावं, आणि करारातच लिहून घ्यावं की सगळे बँक खर्च पाठवणाऱ्याकडे. वाइज, पेओनिअर यांसारख्या सेवांमध्ये शुल्क आणि दर आधी दिसतात. तुलना करताना शुल्काची टक्केवारी बघू नका. एका डॉलरमागे शेवटी खात्यावर किती रुपये आले, तेवढंच बघा.

इथं बावड्यातली एक अडचण ध्यानात ठेवा. ऊसबिलासाठी घरोघरी सहकारी बँकेचं खातं असतं आणि पोरं तोच नंबर परदेशी ग्राहकाला देऊन बसतात. परदेशी पैसे घ्यायला परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते, आणि तो बहुतेक सहकारी बँकांकडे नसतो. पतसंस्थेचा तर प्रश्नच नाही. वेगळं खातं उघडा, शाखेकडून स्विफ्ट कोड लेखी घ्या. पैसे आले की बँक कारण विचारते. तिथं ‘घरखर्चासाठी नातेवाइकाकडून’ असा पी 1301 कोड पडू देऊ नका. सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला पी 0802 आहे. आवक रकमेचा दाखला, ज्याला बँकेत एफआयआरए म्हणतात, दर वेळी मागून फाइलला लावा. उलाढाल 20 लाखांवर जाऊन जीएसटी नोंदणी करावी लागली, तर निर्यातीचा पुरावा म्हणून हाच कागद पुढे करावा लागतो.

ग्राहक क्रिप्टोत पैसे देऊ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. ते विकताना अनोळखी माणसाकडून खात्यावर आलेली रक्कम फसवणुकीतली निघाली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातं गोठवते. मग स्वतःच्याच पगारासाठी महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागतात.

थकलेल्या बिलाचाही खर्च असतो. ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला 14 दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) द्यावी लागते. घरून सेवा देणाऱ्यालाही कायद्याचा आधार आहे, पण तो फार कमी जणांना माहीत असतो. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. ती असेल तर भारतातल्या ग्राहकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीनं व्याज मागता येतं आणि सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. काम सुरू करण्याआधीच नोंदणी करा आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

आणि डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी नोंदणी शुल्क मागणारा, मग ‘करार मोडला’ म्हणून वकिलाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणारा भेटला, तर एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसला असाल तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा.