पर्यावरण खात्याची नोटीस : ती कोठें लागते व कशी वाचावी

आपल्या शिवाराशेजारीं खाण, धरण, मद्यार्काचा कारखाना अगर वीजकेंद्र येऊं घातलें म्हणजे त्याची वार्ता गांवांत बहुधा तीन वाटांनीं येते. पहिली वाट जमिनीच्या दलालाची, दुसरी पुढाऱ्याची आणि तिसरी सरकारी नोटिशीची. पहिल्या दोन वाटांची वार्ता लवकर येते, पण तिच्यांत खरें किती व पदरचें किती हें कळत नाहीं. तिसरीची वार्ता लेखी व सहीशिक्क्याची असते, परंतु ती पुष्कळदां कचेरीच्या भिंतीवरच वाळून जाते. या तिसऱ्या वाटेची माहिती जमीनधारक शेतकऱ्यास असणें अवश्य आहे. कारण तिच्यावर लिहिलेली मुदत एकदां टळली म्हणजे मागाहून केलेल्या तक्रारीचें वजन फार कमी होतें.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ सालचा. त्याच्या आधारें केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर २००६ रोजीं जी अधिसूचना काढली, तिच्यांत मोठ्या प्रकल्पांना परवानगी देण्यापूर्वीं लोकांचें म्हणणें ऐकण्याची रीत घालून दिली आहे. तिला जाहीर लोकसुनावणी म्हणतात. सुनावणी भरविण्याचें काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असून अध्यक्षस्थानीं जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधि असतात, व तो प्रतिनिधि अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा चालत नाहीं. सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकांत यावी लागते, आणि जाहिरातीपासून सुनावणीपर्यंत निदान ३० दिवस जावे लागतात. जेथें वर्तमानपत्र पोहोंचत नाहीं, तेथें दवंडी पिटून कळवावें असें त्या अधिसूचनेंत स्पष्ट लिहिलें आहे. दवंडी ही जुनी चाल म्हणून हंसण्यासारखी नाहीं. ती कायद्यांतील शब्दांत आहे, आणि ती पिटली गेली नसेल तर तसें विचारण्याचा गांवकऱ्यांस अधिकार आहे.

आतां कागद कोठें पाहावयास मिळतात तें सांगतों. प्रकल्पवाल्यानें पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश करून द्यावयाचा असतो. सारांश इंग्रजींत व राज्याच्या भाषेंत, म्हणजे आपल्याकडे मराठींत, असा दोन्हीं भाषांत असला पाहिजे. हे कागद जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ व संबंधित स्थानिक संस्था यांजकडे जातात, आणि सुनावणी संपेपर्यंत कचेरीच्या वेळांत कोणासही पाहतां येतात. मूळ अहवाल मात्र इंग्रजींतच असतो व तो कित्येक शें पानांचा असतो. तेव्हां मराठी सारांश वाचून थांबूं नये. गांवांतील एखादा शिकलेला मुलगा बरोबर घेऊन मूळ अहवालांतील पाणी, सांडपाणी, राख व रस्ते यांचीं प्रकरणें तरी कचेरींत बसून उतरून आणावीं. सारांशांत बहुधा प्रकल्पाचे गुण ठळक असतात. पाण्याचा हिशेब मूळ अहवालांत सांपडतो.

अहवाल वाचतांना शेतकऱ्यानें काय पाहावें? प्रथम, पाणी कोठून व दररोज किती घेणार, आणि तें कोणत्या नदीचें, बंधाऱ्याचें कीं भूगर्भांतलें. दुसरें, मोजणी केव्हां केली. हवा व पाणी यांची तपासणी बहुतेक अहवालांत पावसाळा सोडून एका हंगामाची असते, आणि प्रकल्पाभोवतींचा सुमारें दहा किलोमीटरचा टापू अभ्यासासाठीं घेतलेला असतो. त्या टापूंत आपलें गांव आहे कीं नाहीं, विहिरींची संख्या कोणत्या वर्षाच्या नोंदीवरून घेतली आहे, बागाइताला जिराईत तर म्हटलेलें नाहीं ना, हें मुद्दाम ताडून पाहावें. मोजणाऱ्यास जें तीन महिन्यांत कळतें त्याहून अधिक आपल्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतें, परंतु तें कागदावर नसतें. चैत्रांत विहिरीस किती हात पाणी राहतें, ओढा कोणत्या महिन्यांत आटतो, याची साधी वही ज्यानें ठेविली असेल, त्याचें सुनावणींतील बोलणें दहा भाषणांपेक्षां भारी होतें.

सुनावणी ही सभा नव्हे आणि मतदानही नव्हे. गणपूर्तीची अट नाहीं. पन्नास जण आले काय किंवा पांच हजार आले काय, सुनावणी पुरी होते. अध्यक्षांना प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार नसतो. त्यांचें काम लोकांचें म्हणणें नोंदवून वर पाठविण्याचें. निर्णय पुढें प्रकल्पाच्या वर्गाप्रमाणें केंद्रीय मंत्रालय किंवा राज्यपातळीवरील प्राधिकरण, तज्ज्ञ समितीची छाननी झाल्यावर घेतें. म्हणून जें इतिवृत्तांत आलें नाहीं तें त्या समितीपुढें घडलेंच नाहीं, असें समजून चालावें. घोषणा कितीही मोठ्या झाल्या तरी इतिवृत्तांत त्यांची एक ओळ होते, परंतु “गट नंबर अमुक, विहीर अमुक फूट, ओढ्याच्या खालच्या अंगास, सांडपाणी याच ओढ्यांत सोडण्याचें अहवालाच्या अमुक पानावर लिहिलें आहे, त्याची सोय काय?” असा प्रश्न जसाच्या तसा नोंदवावा लागतो, आणि प्रकल्पवाल्यास आपल्या अंतिम अहवालांत त्याचें उत्तर द्यावें लागतें. हजर असलेल्या प्रत्येकास विचारण्याची संधि मिळाली पाहिजे, संपूर्ण कामकाजाचें चित्रण झालें पाहिजे, आणि शेवटीं कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेंत वाचून दाखविला पाहिजे, असा नियम आहे. शेवटचें वाचन ऐकल्याशिवाय घरीं जाऊं नये. गाडीची वेळ झाली म्हणून मंडळी उठतात, आणि नेमकें त्याच वेळीं आपलें म्हणणें चुकीचें उतरलें असलें तर दुरुस्त करण्याची संधि जाते. ज्यास बोलण्याचा संकोच असेल त्यानें लेखी निवेदन द्यावें व पोंच घ्यावी.

सर्वच प्रकल्पांस सुनावणी लागते असें नाहीं. ‘ब-२’ वर्गांतील प्रकल्प, रस्त्यांचें रुंदीकरण वगैरे कांहीं कामें तींतून वगळलेलीं आहेत.

आतां दुसऱ्या प्रकारच्या नोटिशीकडे वळूं. येथें एखादा कारखाना नसून सरकार स्वतः सबंध प्रदेशासाठीं नियम करूं पाहतें. मसुदा राजपत्रांत छापला जातो आणि हरकती पाठविण्यास ६० दिवस मिळतात. सह्याद्रीच्या कुशींत जमीन असलेल्यांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटाची तज्ज्ञ समिति २०१० च्या मार्चमध्यें नेमली गेली व तिनें ऑगस्ट २०११ मध्यें अहवाल दिला. त्या अहवालांत शेतीसंबंधीं पुष्कळ कांहीं होतें. रासायनिक कीटकनाशकें पहिल्या श्रेणीच्या क्षेत्रांत पांच, दुसऱ्या श्रेणीच्या आठ व तिसऱ्या श्रेणीच्या दहा वर्षांत क्रमानें बंद करावीं, तीव्र उताराच्या जमिनीवर हंगामी पिकांऐवजीं बहुवर्षायू पिकें घ्यावीं, अशा शिफारशी होत्या. त्या पटण्यासारख्या कीं न पटण्यासारख्या, यावर शेतकऱ्यांत मतभेद झाला असता. पण मत देण्यापूर्वीं अहवाल हातीं तर यावयास हवा! मंत्रालयानें तो कित्येक महिने प्रसिद्धच केला नाहीं. माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगानें एप्रिल २०१२ मध्यें प्रसिद्धीचा हुकूम दिला, मंत्रालय दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि तेथेंही हरल्यावर मे महिन्यांत अहवाल बाहेर आला. तोही इंग्रजींत.

पुढें डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला, त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्यें आला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केरळच्या डोंगरी जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा मोठा उद्रेक झाला. शेती बंद होणार, घरें उठविणार, अशा बातम्या तेथें पसरल्या होत्या. १० मार्च २०१४ च्या मसुद्यांत मनाई होती ती खाणी, दगडखाणी व वाळूउपसा, औष्णिक वीजकेंद्रें, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठीं बांधकामें व नगरें यांना. त्या मनाईच्या यादींत शेतीचें नांव नव्हतें. ही साधी गोष्ट चार ओळींच्या पत्रकानें प्रत्येक ग्रामपंचायतींत पोहोंचविणें कठीण नव्हतें. तें न झाल्यानें ज्यांस खाणी हव्या होत्या त्यांचें काम फुकटांत झालें, असें आमचें मत आहे. मसुदा ठरल्या मुदतींत, म्हणजे ७२५ दिवसांत, अंतिम झाला नाहीं तर तो गळून पडतो. म्हणून तो पुनःपुन्हां काढावा लागला. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यांत महाराष्ट्राचें क्षेत्र सुमारें १७,३४० चौरस किलोमीटर होतें. मसुद्यास गांवांची यादी जोडलेली असते. यादींत आपलें गांव आहे कीं नाहीं हें तालुक्यासह पाहावें, कारण एकाच नांवाचीं गांवें पुष्कळ असतात.

भाषेच्या बाबतींत एक निकाल ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. २०२० सालीं वर सांगितलेली २००६ ची अधिसूचना बदलण्याचा मसुदा इंग्रजी व हिंदींतच निघाला. टाळेबंदीचे दिवस, आणि हरकतीस मोजकी मुदत. ३० जून २०२० रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली व मसुद्याचें भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील २२ भाषांत करण्यास सांगितलें. सरकारचें म्हणणें असें पडलें कीं, कायद्यानें हिंदी व इंग्रजी पुरे आहे. तें सर्वोच्च न्यायालयांतही गेलें, परंतु तेथें त्याला तात्काळ दिलासा मिळाला नाहीं. तो मसुदा पुढें अंतिम झालाच नाहीं.

सोसायटीच्या सभासदांनीं इतकी व्यवस्था तरी करावी : ग्रामपंचायतीच्या फलकावर व दैनिकांच्या जाहिरातींच्या पानावर दर आठवड्यास नजर टाकण्याचें काम एकाकडे सोंपवावें. मराठी सारांश मिळत नसल्यास मंडळाच्या कचेरीकडे लेखी मागावा, आणि तरीही न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज मराठींत करावा. तो मराठींत करण्याची त्या कायद्यांत मुभा आहे व उत्तरास सर्वसाधारणपणें ३० दिवस लागतात. सुनावणीच्या नोटिशीचीही मुदत ३० दिवसांचीच असूं शकते, तेव्हां अर्ज जाहिरात पाहिल्याच्या दिवशींच टाकावा.