पापभीरू माणूस भित्रा असतो का?

प्रश्न : एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी कॅलेंडरवर वचन वाचलं. देवाचं भय धरणं ही शहाणपणाची सुरुवात, असा त्याचा अर्थ. मी गंगाखेडचा. आमच्या जनाबाईबरोबर देव दळायला बसतो, त्याला भ्यायचं कशाला? आणि भीतीतून शहाणपण येणार कसं?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : वचन बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातलं आहे. हाच विचार स्तोत्रसंहितेत येतो, ईयोबाच्या पुस्तकातही येतो. घोटाळा होतो तो ‘भय’ या शब्दापाशी. मूळ हिब्रू शब्द ‘यिरा’. वाघ दिसल्यावर सुटणारा थरकाप म्हणजे यिरा, आणि फार मोठ्या कुणापुढे आपसूक खाली जाणारी मान हीसुद्धा यिराच. ‘निर्गम’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. सीनाय डोंगरावर गडगडाट चाललाय, लोक कापत लांब उभे आहेत. मोशे त्यांची भीती घालवतो आणि त्याच दमात सांगतो, की देवाचं भय मनात राहिलं तर हातून पाप होणार नाही. एक भीती टाकायची, दुसरी जपायची!

मराठीला हा भेद नवा नाही. मुलीसाठी स्थळ बघताना ‘माणसं पापभीरू आहेत’ असं कळलं की बरं वाटतं. ‘भित्री आहेत’ असं कळलं तर वाटेल का?

आता शहाणपणाचं. मोंढ्यात सोयाबीनचं माप चाललंय असं समजा. शेतकरी चहाला गेलाय, काट्यापाशी मापाडी एकटाच. मापात पाप करायला याहून सोयीची वेळ नाही. तरी त्याचा हात अडखळतो, तो पोलिसाच्या धास्तीनं नव्हे. ‘नीतिसूत्रे’ खोट्या तराजूवर पुन्हापुन्हा बोलतं ते यासाठीच. तिथलं शहाणपण पोथीतलं नाही, बाजारातलं, घरातलं, शेतातलं आहे. आळशाला ते मुंगीकडे बघायला पाठवतं. शहाणपणाला हिब्रूत शब्द आहे ‘होखमा’, आणि देवाचा मंडप उभारणाऱ्या कारागिरांच्या कसबालाही बायबल हाच शब्द वापरतं. कसब शिकायचं तर आधी उस्तादापुढे बसावं लागतं. ‘मी म्हणेन ती पूर्व’ म्हणणाऱ्याला कोण काय शिकवणार? भय ही सुरुवात, ती या अर्थानं.

पण शेवट भयात नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की पुऱ्या प्रेमापुढे भीती टिकत नाही. तिथं शिक्षेची भीती अभिप्रेत आहे. एका स्तोत्राचा कर्ता तर देव क्षमा करतो म्हणूनच त्याचं भय धरावं, असं सांगतो. मार देणाऱ्यापासून माणूस पळतो; पण ज्यानं मोठी चूक पोटात घातली त्याचं मन पुन्हा मोडायला जीव धजत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसांनी हे दोन्ही धागे धरले. पंडिता रमाबाईंनी गावच्या साध्या बायकांनाही कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले आणि ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं. माउलीचा धाक कसा असतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

राहिली तुमची जनाबाई. ती विठ्ठलाशी भांडते, त्याला रागे भरते, तरी स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते. तो नामदेव परंपरेनं नर्सीचा, म्हणजे १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत तुमच्याच जिल्ह्यातला. देवाला हट्टानं दूध पाजणारं ते पोर! पंढरपूरला गेलात तर त्याची जागा बघा. गाभाऱ्यात नाही, महाद्वारातली पायरी आहे. कॅलेंडरवरचं वचन सांगतं ते भय त्या पायरीपाशी तुम्हाला चटकन ओळखू येईल.