लाईट गेलीच नव्हती

“काका, लाईटमुळे झालं असणार. तुमच्या यवतला सारखी जाते.” दुरुस्तीवाल्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कारण आदल्या संध्याकाळी डोक्यावर पंखा फिरत होता आणि यूपीएसचा दिवा हिरवा होता.

प्रिंटर जोडून झाल्यावर कॉम्प्युटर बंद करायला त्यानेच घेतला. पडद्यावर अपडेटची टक्केवारी, खाली ‘बंद करू नका’ अशी सूचना. मी थांबा म्हणत होतो. त्याला केडगावचं पुढचं काम गाठायचं होतं. “हल्ली काही होत नाही,” म्हणत त्याने कॅबिनेटचं बटण दाबून धरलं. सकाळी विंडोज सुरूच होईना. परत आला तो लाईटवर खापर फोडून म्हणतो, “फॉरमॅट मारू, सगळं साफ होईल.” सगळं म्हणजे आमच्या गुऱ्हाळाचा हंगाम! उसाची वजनं, शेतकऱ्यांची उचल, अडत्यांच्या पट्ट्या. मी हात लावू दिला नाही. हडपसरच्या भाच्याने डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर हिशेबाचं फोल्डर जसंच्या तसं उघडलं. विंडोज बिघडलं म्हणजे फायली गेल्या असं नसतं, हे त्या माणसाला ठाऊक नसेल का? फेरीचे पैसे मात्र त्याने दोन्ही वेळा घेतले.

फाईल सेव्ह केली तरी ती काही वेळ मेमरीतच थांबलेली असू शकते. ‘शट डाऊन’ दिल्यावर ती डिस्कवर उतरते आणि मग वीज तुटते. म्हणून आधी फायली बंद करा, स्टार्टमधून शट डाऊन द्या, कॅबिनेटचा पंखा थांबू द्या, नंतर यूपीएस आणि शेवटी बोर्ड. अपडेट चालू असेल तर कितीही वेळ लागो, बसून राहा. कॉम्प्युटर अडकलाच तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, त्या पडद्यावरही बंद करायचं चिन्ह असतं. बटण दाबून धरणं अगदी शेवटी.

यूपीएस काम उरकण्यासाठी नसतो, नीट बंद करण्यासाठी असतो. बीप वाजला की उठा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, विकणारा हे सांगत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसतं शट डाऊन पुरत नाही. पिना काढा, इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही. लाईट परत आल्यावर थोडं थांबून मगच चालू करा. आणखी एक: 2012 च्या विंडोज 8 पासून बऱ्याच कॉम्प्युटरांवर शट डाऊनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो. मशीन विचित्र वागू लागलं तर ‘रिस्टार्ट’ द्या.

बॅकअप ठेवा, हे सगळेच सांगतात. ठेवाच.

आणि कोणीही फॉरमॅटचं नाव काढलं, तर आधी विचारा, “माझ्या फायली कुठे उतरवून घेतल्या, दाखवा.” त्या डोळ्यांनी उघडून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावू देऊ नका.