ऐकलेल्या गाण्यांचे पासबुक

खात्यातील व्यवहारांची नोंद पासबुकात होते, तशीच ऐकलेल्या गाण्यांचीही ठेवता येते. साउदम्प्टन विद्यापीठात शिकत असताना रिचर्ड जोन्स यांनी २००२ च्या सुमारास ‘ऑडिओस्क्रॉबलर’ ही त्यासाठीची संगणकीय व्यवस्था उभी केली. पुढे ती ‘लास्ट.एफएम’मध्ये विलीन झाली. आपली नोंद इतर श्रोत्यांच्या नोंदींशी ताडून, समान आवडीच्या मंडळींनी ऐकलेली परंतु आपल्या कानी न पडलेली गाणी ती सुचविते.

वाराणसीला बदली झाल्यावर मी गिरिजादेवींच्या ठुमऱ्या नित्य ऐकू लागलो, तेव्हा या हिशेबातील मेख ध्यानी आली. गाणे निम्मे किंवा चार मिनिटे, यांतील जे आधी घडेल तेवढे, वाजले की एक नोंद पडते. म्हणजे वीस मिनिटांची ठुमरी आणि चार मिनिटांचे चित्रपटगीत, दोहोंची जमा एकच! तेवढ्याच वेळात पाच चित्रपटगीते ऐकणारा पाच नोंदी मिळवितो. साहजिकच माझ्या यादीच्या शिरोभागी मुलीची बालगीते विराजमान झाली आणि शिफारशीही त्याच वळणाच्या येऊ लागल्या.

गायिकेचे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेले असेल, तर तिची दोन खाती पडतात, हा आणखी एक घोटाळा. (आम्हा बँकवाल्यांना तो नवा नाही.) यास्तव ध्वनिफितींवरील नावे आधी एकसारखी करावीत, घरातील इतरांची गाणी वेगळ्या खात्यावर वाजवावीत आणि यादी एकूण काळाची न पाहता महिन्याची पाहावी. कजरी पावसाळ्यातली, चैती चैत्रातली. वर्षाच्या बेरजेत हा ऋतुभेद पुसला जातो. एवढे केल्यावर मला सिद्धेश्वरीदेवींचे नाव सुचविले गेले.