तळ्याचे पाणी हिरवे का होते?



आम्ही गटात फिरतीला निघालो की पावसाळ्यानंतर एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, तळ्याचं पाणी असं हिरवंगार कशानं झालं?" त्याचे बरेचसे उत्तर आपल्या खताच्या पोत्यात आहे. आणि ज्या ठिकाणी ते सिद्ध झाले, ते ठिकाणच बंद पडता पडता वाचले.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्येस १९६८ साली काही लहान तळी केवळ संशोधनासाठी राखून ठेवली. आज ती ५८ आहेत. तेथे प्रयोग बाटलीत होत नाही, अख्ख्या तळ्यावर होतो. १९७३ साली डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याचे मध्ये पडदा टाकून दोन भाग केले. एकात कर्ब व नत्र सोडले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा तसा झाला नाही.

२२७ क्रमांकाच्या तळ्यात १९६९ पासून खत सोडले जात होते. पुढे नत्र कमी करीत १९९० मध्ये ते बंदच केले. स्फुरद मात्र चालू ठेवले. तरी शेवाळ हटले नाही. कारण निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र स्वतः बांधते. स्फुरद तसे हवेतून बांधता येत नाही. हे कळायला तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी लागल्या. पाच वर्षांत काम गुंडाळले असते तर हाती काय लागले असते?

तरीही मे २०१२ मध्ये तेथील केंद्र सरकारने, वर्षाला सुमारे २० लाख डॉलरचा खर्च वाचविण्यासाठी, हे केंद्र मार्च २०१३ अखेर बंद करण्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञ व नागरिकांनी आवाज उठविला. प्रांत सरकार मदतीला आले, आणि १ एप्रिल २०१४ पासून विनिपेग येथील एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतले. इमारत पुन्हा बांधता येते; चुकलेल्या वर्षाची नोंद पुन्हा करता येत नाही.

यातून आपण काय घ्यावे?

१) माती परीक्षणाशिवाय स्फुरदाचा डोस वाढवू नये. "दोन पोती जास्त टाकली म्हणून काय बिघडतं?" असे म्हणू नये.

२) सुपर फॉस्फेट वर न फेकता सरीत देऊन मातीआड करावे. स्फुरद मातीच्या कणाला चिकटते आणि माती वाहिली की तिच्याबरोबर ओढ्याला जाते.

३) बांध नीट ठेवावेत. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा.

४) प्रत्येक प्लॉटची खत, पाऊस व उताऱ्याची वही ठेवावी, लागण मोडली तरी वही मोडू नये.

शेवटी एक विनंती. सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक वाचताना माती परीक्षण व पर्जन्यमापकाच्या खर्चावर पहिली काट मारू नका. तो खर्च आज दिसतो, त्याचे पीक आपल्या मुलांच्या हाती येते.