हवेचा हिशेब

नोकरीनिमित्त आयडाहो फॉल्स येथे बिऱ्हाड मांडल्यानंतर तिसऱ्या हिवाळ्यात मी स्नोमोबाईल घेतली, आणि पुढल्याच वर्षी तिच्या 800 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला टर्बो बसविला. कारण शेजारच्या वायोमिंगमधील टॉगवटी घाटात, म्हणजे सुमारे 2,900 मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीवरील 101 किलोपास्कलवरून 71 पर्यंत उतरतो, आणि साध्या इंजिनाचे बळ त्याच प्रमाणात क्षीण होऊन वाहन कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात रुतून बसते. टर्बोने हे गेलेले बळ परत मिळते, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती व आजही नाही. घात झाला तो इंधन मोजून देणाऱ्या नियंत्रकाच्या निवडीत. म्हणून ही हकीकत तपशीलवार मांडीत आहे.

मी घेतलेला नियंत्रक म्हणजे इंजिनाचा मूळ संगणक (ईसीयू) आणि इंजेक्टर यांच्यामध्ये मध्यस्थासारखी बसणारी, पिगीबॅक म्हणतात तशी, एक लहानशी पेटी होती. टर्बोचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती अधिक आहे एवढेच पाहून ती इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ वाढवीत असे. मार्चमधल्या एका दुपारी, तापमान उणे 2 अंश असताना, घाटातच तिची जुळवणी झाली. 55 किलोपास्कल जादा दाबावर इंजिन निर्दोष चालले आणि मी निश्चिंत झालो. पुढच्या जानेवारीत, उणे 28 अंशांच्या एका सकाळी, आम्ही तिघे सुमारे 1,900 मीटर उंचीवरील आयलंड पार्कच्या मोकळ्या कुरणांवर गेलो. मापकावर तोच 55 चा आकडा होता. परंतु तेथे बाहेरच्या हवेचाच दाब 80, म्हणजे इंजिनात शिरणारा एकूण दाब 126 ऐवजी 135, आणि त्यात थंडीने हवा दहा टक्के अधिक दाट झालेली. दोन्ही मिळून 18 टक्क्यांच्या आसपास अधिक हवा आत जात असता पेटी मात्र मार्चमधल्या दुपारचाच हिशेब पुढे चालवीत होती. मूळ ईसीयूचा तापमानाचा सेन्सर बॉनेटखालच्या उबेत असल्यामुळे त्याच्याकडून होणारी भरपाईही तोकडी पडली.

सरळ पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद झाले असतील नसतील, तोच पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज झाला आणि इंजिन थांबले. गाडीतळ 19 किलोमीटर दूर होता. सोबत्यांनी दोर लावून मला ओढीत आणले तेव्हा दुपार टळून गेली होती; एकटा असतो तर ती रात्र बर्फातच काढावी लागली असती, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. घरी सिलिंडर हेड उतरवले, तेव्हा स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे कण मिठाईवरच्या वर्खासारखे चिकटलेले दिसले, आणि पिस्टनची एक्झॉस्टकडील कड कसर लागलेल्या पोथीसारखी खाल्लेली होती.

म्हणून नियंत्रक किती अश्वशक्ती वाढवील हे विचारण्याअगोदर तो काय मोजतो, हे विचारावे, आणि त्याचा खुलासा लेखी घ्यावा. त्याने निर्वातापासून मोजलेला निरपेक्ष दाबच विचारात घ्यावा, व त्याचा सेन्सर निदान 2 बारचा असावा. हवेचे तापमान इंटरकूलरच्या पुढच्या नळीत मोजले जावे. केवळ थ्रॉटलची स्थिती आणि इंजिनाचे फेरे यांवरून इंधन ठरविणारी पद्धत टर्बोसाठी साफ नाकारावी, कारण थ्रॉटल तेवढाच दाबलेला असताना टर्बोचा दाब कधी पुरता चढलेला असतो, कधी नसतो. शिवाय पुष्कळशा पिगीबॅक पेट्यांना ठिणगीची वेळ मागे घेता येत नाही, आणि वाढत्या दाबाखाली तीच तर मागे घ्यावी लागते.

माझे मत विचाराल तर मूळ ईसीयूमध्येच टर्बोसाठी नवा नकाशा भरता येत असेल, तर तोच मार्ग पत्करावा. स्वतंत्र ईसीयू अधिक समर्थ असतो हे खरे; पण अनेक टू-स्ट्रोक स्नोमोबाईलना मागे जाण्याचा गिअर नसतो; मागे जायचे झाले की मूळ ईसीयू इंजिन थांबण्याच्या बेतात आणून ऐन क्षणी ठिणगी देतो आणि क्रँक उलट फिरू लागतो. मूळ ईसीयू काढला की ही तजवीजही जाते, आणि 200 किलोंहून जड यंत्र बर्फात हातांनी वळवावे लागते.

इंजेक्टरच्या मर्यादेचा हिशेब मात्र खरेदीपूर्वीच करावा. मिनिटाला 8,000 फेऱ्यांवर टू-स्ट्रोकचा एक फेरा 7.5 मिलिसेकंदांत संपतो, आणि इंधन दर फेऱ्याला द्यावे लागते. फोर-स्ट्रोकला याच कामासाठी दुप्पट मुदत मिळते. त्या वेळेच्या 85 टक्क्यांहून अधिक काळ इंजेक्टर उघडा राहत असेल, तर मोठे इंजेक्टर घेण्यावाचून गत्यंतर नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे आपोआप दुरुस्ती होईल, या आश्वासनावरही टू-स्ट्रोकमध्ये विसंबू नये. काही ताजी हवा न जळताच एक्झॉस्टमध्ये निसटते आणि सेन्सरचा आकडा फसवा येतो.

आता हंगामातल्या पहिल्या कडक थंडीच्या सकाळी, गाडीतळ नजरेआड होण्यापूर्वी, मी पूर्ण थ्रॉटलची एक छोटी धाव घेऊन लगेच इंजिन बंद करतो, प्लग काढतो, आणि भिंगातून त्याची चिनी माती निरखतो. वर्खाचा एकही कण दिसला, तरी यंत्र परत ट्रेलरवर चढते.