पडद्यावरचे ठिपके आणि आपली लिपी

इतिहासाचे साधन म्हटले की शिलालेख, ताम्रपट, दप्तरे आणि जुनी वृत्तपत्रे डोळ्यांपुढे येतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले, हे आज आपण निःशंकपणे सांगतो. कारण त्या काळचा कागद अजून वाचता येतो. गेल्या चाळीस वर्षांतील पुष्कळसे लेखन मात्र संगणकावर झाले. ते वाचण्यास अक्षरओळख पुरत नाही. ज्या पडद्यासाठी ते लिहिले गेले, त्या पडद्याची रीतही ठाऊक असावी लागते. म्हणून जुन्या, सोबत नेता येणाऱ्या संगणकांच्या पडद्याची नक्कल आज कशी केली जाते, हा वरवर हौशी वाटणारा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी निवडला आहे.

अशी नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला इम्युलेटर म्हणतात. मूळ यंत्र बंद पडले, सुटे भाग मिळेनासे झाले, तरी त्याच्या पोटात कायमची कोरलेली आज्ञावली उतरवून घेतलेली असेल, तर आजचा संगणक त्या यंत्राचे सोंग घेऊ शकतो. हे सोंग नीट वठवायचे, तर पडद्याच्या ठिकाणी विशेष कसोटी लागते.

उदाहरणादाखल टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक घेऊ. जपानच्या क्योसेरा कंपनीने तो बनविला आणि अमेरिकेत टँडी कंपनीने १९८३ साली विक्रीस आणला. वहीएवढा आकार आणि चार लहान सेलवर चालण्याची सोय, यांमुळे तो बातमीदारांत विशेष प्रिय झाला. त्याच्या एलसीडी पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत. ठिपक्यांच्या हिशेबाने आडवे २४० आणि उभे ६४, म्हणजे एकूण १५,३६० ठिपके.

हे ठिपके कसे उमटतात, ते समजण्यास सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. चादरीच्या जॅकार्ड मागावर ताण्याचे उभे धागे आधीच ताणलेले असतात. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावरून कोणता धागा उचलायचा ते ठरते आणि बाण्याचा एकेक आडवा धागा त्यातून जातो. एलसीडी पडद्यातही उभ्या व आडव्या वाहिन्यांचे असेच जाळे असते. आडव्या ओळी पाळीपाळीने घेतल्या जातात आणि त्या ओळीपुरते कोणते ठिपके काळे करायचे, ते उभ्या वाहिन्या ठरवितात. फरक एवढाच, की चादर एकदा विणली की विणली. पडदा मात्र प्रत्येक सेकंदाला अनेक वेळा नव्याने विणावा लागतो.

मॉडेल १०० मध्ये हे काम दहा चिपांकडे वाटून दिलेले होते. वरच्या अर्ध्या भागात पाच, खालच्या अर्ध्या भागात पाच. प्रत्येक चिपची व्याप्ती आडवे ५० आणि उभे ३२ ठिपके. शेवटच्या उभ्या पट्टीतील दोन चिपांचे मात्र चाळीसच स्तंभ वापरात. प्रत्येक चिपला स्वतःची २०० बाइटांची स्मृती असे आणि तिच्यातील एक बाइट म्हणजे एकाखाली एक उभे राहिलेले आठ ठिपके. म्हणजे अक्षरे आडवी वाचायची असली, तरी ती साठवायची उभ्या फाकांनी.

आता नक्कल करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी. मूळ आज्ञावली ‘अमुक अक्षर छाप’ असे सांगते तेथेच तिला अडवायचे आणि आपल्याकडचे सुबक अक्षर पडद्यावर ठेवून द्यायचे. दुसरी कष्टाची. दहाही चिपा, त्यांची स्मृती, त्यांना मिळणाऱ्या आज्ञा, सारे जसेच्या तसे उभे करायचे आणि ठिपके आपोआप उमटू द्यायचे. (पडद्याची हिरवट-करडी छटाही काही जण हुबेहूब आणतात. ती केवळ हौस. तिला आम्ही फारसे महत्त्व देत नाही.)

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला दोन्ही वाटा सारख्याच भासतील. भेद कळतो तो यंत्राच्या अक्षरतक्त्यात नसलेले काही लिहायचे झाले की. त्या यंत्रावर एका अक्षराला रुंदीचे सहा आणि उंचीचे आठ ठिपके मिळत. एवढ्याशा जागेत ‘बुद्ध’ लिहून पाहावे. शिरोरेषेला एक ठिपका, खाली उकाराला दोन, आणि ‘द्ध’ची जोडणी उरलेल्या पाचांत. ‘मैत्री’तील दोन मात्रांना तर शिरोरेषेच्या वर जागाच नाही. तेव्हा अशा यंत्रावर देवनागरी आणायची, तर तयार तक्ता सोडून थेट ठिपक्यांनीच अक्षर रेखाटावे लागणार. पहिल्या वाटेच्या नक्कलेत असे अक्षर उमटतच नाही. कारण ते ‘छापा’ असे कोणी सांगितलेलेच नसते. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही, जागा नुसती कोरी राहते. दुसऱ्या वाटेची नक्कल मात्र ठिपका कोणत्या लिपीचा, हे विचारीत नाही. यादीत नाव नसणाऱ्यांचे काय होते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

देवनागरीला पडद्यावर हक्काची जागा मिळवून देण्याचे मोठे काम आपल्याकडे ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने केले. त्याचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. संगणकात एक जादा कार्ड बसवायचे. मग मूळच्या इंग्रजी आज्ञावलीतही मराठी अक्षरे दिसत. त्यामागील इस्की या संकेतप्रणालीत वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. ‘भिक्खू’ लिहिताना आधी भ आणि मग ऱ्हस्व वेलांटी. ती भ च्या अलीकडे काढायची जबाबदारी कार्डाची. म्हणून अशी फाइल आज पाहताना केवळ संगणकाची नक्कल केली आणि कार्डाची केली नाही, तर मराठीच्या जागी युरोपीय अक्षरे व चौकटीच्या रेघा दिसतात. मजकूर शाबूत असतो, पण डोळ्यांना लाभत नाही.

पुढे विंडोजच्या काळात आलेल्या अनेक मराठी फाँटांनी निराळीच पद्धत धरली. जसे दिसते तसे साठवायचे. म्हणजे वेलांटी आधी आणि भ मागाहून. तो फाँट नसेल, तर पान रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग होऊन बसते. आपल्या चळवळीतील कितीतरी स्मरणिका, अहवाल आणि भाषणे त्या काळात अशाच फाँटांत टंकित झाली. तसल्या फ्लॉप्या कोणाच्या कपाटात असतील, तर माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्या टाकून देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. फाइल देताना फाँटची फाइलही द्यावी, कोणत्या आज्ञावलीत टंकन झाले तिचे नाव चिठ्ठीवर लिहावे, आणि त्याच मजकुराचे एखादे छापील पान मिळाल्यास तेही सोबत जोडावे. पडद्यावर उमटलेले अक्षर बरोबर आहे की नाही, हे त्या पानाशी ताडून पाहता येते.